हिशेब चोख, दोस्ती रोख!

जर्मनीत राहायला जायचं म्हणजे आधी भाषा शिकायला लागते, असं सगळे सांगतात. पैशाचीही एक वेगळी भाषा असते, हे मात्र कुणीच सांगत नाही. स्टुटगार्टमध्ये ती मला शिकवली तळमजल्यावरच्या एका रिटायर्ड बँकवाल्या आजोबांनी... आणि फुटबॉलच्या भाकितांनी!

शनिवारची सकाळ. मी बेकरीत निघाले होते. जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. म्हणाली, ‘‘येताना माझ्यासाठी दोन ब्रेत्सेल आणशील?’’ ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारल्यासारखा दिसणारा, वर जाड मीठ लावलेला खरपूस पाव. इथला वडापावच म्हणा ना! मी आणले. ती पर्स उघडायला लागली, तेव्हा ‘‘अगं, राहू दे गं’’ची मोडकीतोडकी जर्मन आवृत्ती म्हणून दाखवली. ती हसली, आभार मानले, वर गेली. विषय संपला.

असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी लेटरबॉक्समध्ये एक पाकीट. आत मोजून २ युरो ४० सेंट आणि एक पिवळी चिठ्ठी : ‘ब्रेत्सेलचे. मनापासून आभार!’

माझा पाराच चढला. आपल्याकडे शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत करत नाहीत. तिनं साखर दिली तर आपण चार लाडू घालून पाठवतो. मग ती वाटी तिच्याकडून भाजी घेऊन परत येते, आणि हे चक्र दोघींच्या मुलांची लग्नं होईपर्यंत चालतं. आणि इथे? २ युरो ४० सेंट, पाकिटात, चिठ्ठीसकट! ‘‘काय चिंगूस लोक आहेत!’’ मी नवऱ्याला म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘चिंगूस असती तर दिलेच नसते ना!’’

हा मुद्दा माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

पोर्शेचं गाव, ब्रेत्सेलचा हिशेब

आम्ही २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टुटगार्टला आलो. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या सॉफ्टवेअरची, त्यामुळे दुसरं गाव कुठलं असणार? मर्सिडीज-बेंझ, पोर्शे आणि बॉश या तिघांची मुख्यालयं याच परिसरात. पुण्याच्या इंजिनीअरला हे गाव परकं वाटतच नाही, कारण चाकणच्या मर्सिडीज प्लँटमुळे ‘स्टुटगार्टची ट्रिप’ हा शब्द आपल्याकडे कंपनीच्या कँटीनमध्येही ऐकू येतो. मुंबईशी तर या शहराचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे.

शहर दिसायला एकदम मस्त. वाटीच्या तळाशी वसल्यासारखं, भोवती डोंगर, आणि डोंगरउतारावर चक्क शहराच्या मधोमध द्राक्षांचे मळे. हा सगळा भाग श्वाबियन लोकांचा. ‘पुणेरी’ म्हटल्यावर उरलेला महाराष्ट्र कसा गालात हसतो, तसा ‘श्वाबियन’ म्हटल्यावर उरलेला जर्मनी हसतो. कष्टाळू, टापटिपीचे आणि पैशाला घट्ट, अशी त्यांची ख्याती. तांब्याच्या तारेचा शोध कसा लागला? तर दोन श्वाबियन एकाच नाण्याला दोन्ही बाजूंनी ओढत होते! आणि स्कॉटिश लोक म्हणजे कोण? तर उधळेपणाबद्दल हाकलून दिलेले श्वाबियन! हे विनोद मला श्वाबियन लोकांनीच सांगितले, आणि तेही अभिमानानं.

गंमत म्हणजे या गावात कुणी श्रीमंती मिरवत नाही. रस्त्यावर पोर्शे दिसते, पण ती चालवणारा माणूस सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन तुमच्या पुढे रांगेत उभा असतो. इथे बाटलीबरोबर डिपॉझिट भरावं लागतं, त्याला ‘फांड’ म्हणतात. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, काचेच्या बिअरच्या बाटलीवर बहुतेक वेळा ८ सेंट. बाटली मशीनमध्ये टाकायची, पावती घ्यायची, पैसे परत. आणि रस्त्यातच बाटली रिकामी झाली तर? ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, डब्याशेजारी उभी करून ठेवायची. कारण त्या बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसंही याच गावात आहेत. त्यांना डब्यात हात घालायला लागू नये, एवढी काळजी घेतली जाते. २५ सेंटची किंमत या गावात दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

एकत्र की वेगवेगळं?

हॉटेलात बिल मागितलं की वेटरचा पहिला प्रश्न : ‘‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट?’’ म्हणजे एकत्र की वेगवेगळं? कॉलेजात असताना आपण ‘टीटीएमएम’ म्हणायचो. तुझं तू, माझं मी. पण तो कडकीतला नाइलाज होता. पहिला पगार झाला की ‘‘आज मी देणार’’ म्हणत पाकीट काढायची आणि काउंटरवर धक्काबुक्की करायची, हेच तर आपलं मोठं होणं! इथे पन्नाशीचे, गलेलठ्ठ पगाराचे लोकही टीटीएमएम करतात. चारजणांसाठी चार बिलं करताना वेटरच्या कपाळावर आठी येत नाही. कुणी काय खाल्लं हे प्रत्येकाला पाठ असतं. टीप टेबलावर ठेवत नाहीत. बिल १८.२० झालं तर वेटरला ‘वीस’ असं सांगायचं, तो वीस कापून घेतो आणि बाकीचे परत देतो.

आणि हे सगळं बऱ्याचदा नोटांमध्ये. आपल्याकडे भाजीवालीच्या टोपलीवरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि इथे, गाड्यांच्या राजधानीत, माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड चालत नव्हतं! ‘रोख तेच खरं’ अशा अर्थाची जर्मन म्हणच आहे. आपल्या वाण्याच्या दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ पाटीची सख्खी बहीण. आता चित्र बदलतंय. जर्मनीची मध्यवर्ती बँक, म्हणजे बुंडेसबँक, दर काही वर्षांनी पाहणी करते. २०१७ मध्ये रोजच्या १०० खरेद्यांपैकी ७४ रोखीनं व्हायच्या. कोरोनानंतर हा आकडा घसरला, पण २०२३ मध्येही तो ५१ होता.

मी एकदा ऑफिस पार्टीत नवऱ्याच्या सहकाऱ्याला सहज विचारलं, ‘‘घर स्वतःचं का? केवढ्याला पडलं?’’ पुण्यात हा प्रश्न ‘‘जेवलीस का?’’ इतका साधा. तिथे टेबलावर अशी शांतता पसरली, की मी काहीतरी आरोग्याबद्दल विचारलंय! पैशाबद्दल बोलत नाहीत, तो फक्त असतो, असंही एक वचन इथे आहे. पगार, भाडं, घराची किंमत हे सगळं झाकलेलं. पण ब्रेत्सेलचे २ युरो ४० सेंट मात्र उघड, चिठ्ठीसकट. या लोकांचं नक्की काय चाललंय?

‘शुल्ड’ म्हणजे काय रे भाऊ?

उत्तर मिळालं जर्मनच्या क्लासमध्ये. ‘शुल्ड’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ अपराध, दोष. त्याचंच अनेकवचन ‘शुल्डेन’, अर्थ कर्ज! म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज, त्याच्या डोक्यावर पापही. शेजारीण माझे २ युरो ४० सेंट ठेवून घेते, तर रात्री तिला झोप लागली नसती. ती मला परतफेड करत नव्हती, स्वतःची सुटका करून घेत होती.

आणि ही भीती काही हवेतून आलेली नाही. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराच्या बचतीत पाव येईना. पुढे १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं, तेव्हा माणशी ४० मार्क हातात ठेवून सुरुवात झाली आणि बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे शेवटी साडेसहा नवे मार्क झाले. एका माणसाच्या आयुष्यात दोनदा पाटी कोरी! मग त्याच्या नातवंडांनी पै पै मोजली तर नवल काय? २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या, पण जुने मार्क आजही बुंडेसबँकेत बदलून मिळतात, मुदत नाही. कपाटातल्या आजीच्या डब्यात कधीही मार्क सापडू शकतात, हे सरकारलाही माहीत आहे!

राजकारणातही हाच सूर. २००८ च्या डिसेंबरमध्ये जागतिक मंदीच्या ऐन भरात चॅन्सेलर अँगेला मेर्केल याच स्टुटगार्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात म्हणाल्या होत्या, की उत्तर हवं असेल तर श्वाबियन गृहिणीला विचारा, कुवतीबाहेर फार काळ जगता येत नाही हे ती सांगेल. आपलं ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, दुसरं काय! पुढच्याच वर्षी सरकारी कर्जावर मर्यादा घालणारा नियम चक्क राज्यघटनेत गेला. २०२५ च्या मार्चमध्ये संरक्षण आणि पायाभूत सुविधांसाठी तो सैल करावा लागला, तेव्हा इथल्या घराघरांत त्यावर वाद झाले. आमच्या तळमजल्यावर तर झालेच.

केर काढा, भाकीत करा

हां, आता तळमजल्यावरचे आजोबा. वय ७४, आयुष्यभर बँकेत कॅशियर. आमच्या इमारतीतले अघोषित सेक्रेटरी. श्वाबियन इमारतींमध्ये ‘केरवोखे’ नावाची पद्धत असते. ज्याचा आठवडा, त्यानं जिना झाडायचा, पुसायचा. दारावर पाटी लटकली की समजायचं, आली आपली पाळी! (जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणजे झाडणं. आपला ‘केर’ इतक्या लांब कसा पोचला, देव जाणे. मला मात्र शब्द एका फटक्यात पाठ झाला.) पोर्शे असो की सेकंडहँड सायकल, केर ज्याचा त्यानं काढायचा. पैसे देऊन माणूस लावता येतो, पण जिन्यात कुजबुज होते.

या केरवोखेच्या तक्त्याशेजारी २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक तक्ता लागला : टिपश्पील. म्हणजे फुटबॉलच्या भाकितांचा खेळ. जर्मनीत ऑफिस, क्लब, कुटुंब, जिकडेतिकडे तो चालतो. हल्ली बहुतेकजण अॅपवर खेळतात, पण आजोबांचा विश्वास कागदावर. बुंडेसलिगाच्या प्रत्येक फेरीत नऊ मॅचेस. मॅच सुरू होण्याआधी स्कोअर लिहायचा. बरोब्बर स्कोअर आला तर ४ पॉइंट, गोलांचा फरक बरोबर असेल तर ३, नुसता निकाल बरोबर असेल तर २. वर्गणी माणशी ५ युरो, आगाऊ, रोख. आणि ५ युरोंची सहीशिक्क्याची पावती! आपली भिशी आणि शाळेतली तोंडी परीक्षा एकत्र केली तर जे होईल ते.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तक्त्यावर महिनाभर नजर टाकली आणि लक्षात आलं, हा तर इमारतीचा एक्स-रे आहे! ज्यांचा पगार मला कुणी सांगणार नाही, त्यांचा पैशाचा स्वभाव इथे भिंतीवर टांगलाय. आजोबा १-१ किंवा २-१ च्या पलीकडे जायचे नाहीत. सगळं कसं फिक्स्ड डिपॉझिट. ब्रेत्सेलवाली शेजारीण आधी गेल्या पाच मॅचेसचे निकाल वहीत उतरवायची, मग लिहायची. दुसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची चिमुरडी जर्सीच्या रंगावरून ठरवायची. आणि मी? ४-३, ५-२, ०-४. दर शनिवारी लॉटरी.

आजोबा स्वतः व्हीएफबी स्टुटगार्टचे पन्नास वर्षांचे भक्त. पण सीझनच्या सुरुवातीला आपल्या टीमला त्यांनी कितवा नंबर दिला होता? १३ वा! कारण त्याच उन्हाळ्यात टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचली होती. पहिल्याच मॅचला व्हीएफबीनं बोखुमचा ५-० फडशा पाडला. मे २०२४ मध्ये सीझन संपला तेव्हा टीम दुसऱ्या नंबरवर होती, बायर्न म्युनिकच्याही वर. आजोबांचं भाकीत सपशेल पडलं आणि मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. ‘‘अपेक्षा कमी ठेवली की नफा जास्त होतो,’’ ते डोळे मिचकावत म्हणाले.

८६० युरोंचा शॉक

त्याआधी एक प्रकरण घडलं. २०२३ च्या शेवटी घरमालकाकडून पत्र आलं. भाड्याव्यतिरिक्तच्या खर्चाचा, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा यांचा वार्षिक हिशेब. युक्रेन युद्धानंतर गॅस भडकलेला होताच. आम्ही आणखी भरायची रक्कम : ८६० युरो, महिन्याभरात.

नेमका तो महिना कडकीचा. भारतात जाऊन आलो होतो, माझे दोन लेखांचे पैसे अडकले होते. मी आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीला रडत फोन केला. तिनं आकडासुद्धा नीट ऐकून घेतला नाही. पाच मिनिटांत खात्यात ५०० युरो. ‘‘कधी द्यायचे ते नंतर बघू गं.’’ मला भरूनच आलं. आपली माणसं ती आपली माणसं!

दुसऱ्या दिवशी जिन्यात आजोबांनी तोंड बघूनच विचारलं, काय झालं? मी पत्र दाखवलं. मनात कुठेतरी वाटलं, म्हातारा म्हणेल, ‘काही लागलं तर सांग’. छे! ते म्हणाले, ‘‘गुरुवारी चार वाजता या. सगळे कागद आणा.’’

गुरुवारी चारला गेले. चष्मा, पट्टी, पेन्सिल तयार. सलग अडीच तास त्यांनी एकेक ओळ तपासली. आणि सापडलं! आम्ही एप्रिलमध्ये राहायला आलो होतो, हिशेब मात्र जानेवारीपासूनचा लावला होता. त्यांनी पत्राचा मसुदा लिहून दिला : चूक दुरुस्त करावी, मूळ बिलं पाहायला मिळावीत आणि उरलेली रक्कम हप्त्यानं घ्यावी. बिलं पाहणं हा भाडेकरूचा हक्क असतो, हेही मला तेव्हाच कळलं. दोन आठवड्यांनी सुधारित रक्कम आली, ६१० युरो, तीन हप्त्यांत. मी आजोबांना केक नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, आणि डबा धुऊन पुसून, रिकामा परत दिला.

मैत्रिणीनं मला पैसे दिले, आजोबांनी अडीच तास दिले. यात मोठं कोण, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण आजोबांनी पैसे देऊ केले नाहीत याचा राग मात्र त्या संध्याकाळी निघून गेला. त्यांच्या मते पैसे उसने देणं म्हणजे मला ‘शुल्ड’मध्ये ढकलणं. ते कुठल्या शेजाऱ्यानं करावं?

स्पेन २, जर्मनी १

जून २०२४. युरो कप जर्मनीत, त्यातल्या पाच मॅचेस आमच्या स्टुटगार्टमध्ये! नेकर नदीकाठच्या स्टेडियमकडे जाणाऱ्या ट्रेन खचाखच, श्लॉसप्लाट्झवर फॅन झोन. २३ जूनला स्कॉटलंड-हंगेरी मॅच होती. स्कॉटिश फॅन झगे नेसल्यासारखे किल्ट घालून गावभर गाताना, पिताना, पैसे उधळताना दिसले. ‘हाकलून दिलेले श्वाबियन’ परत आले म्हणून दुकानदार एकदम खूश!

इमारतीत नवा तक्ता लागला. १४ जण, ५ युरो, एकूण ७० युरो. पहिल्याला ४०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. तक्त्याखाली बारीक अक्षरात नियम : ‘स्कोअर ९० मिनिटांनंतरचा, इंज्युरी टाइमसह. एक्स्ट्रा टाइम धरला जाणार नाही.’

स्कॉटलंड-हंगेरीला मी १-१ लिहिलं होतं. ९९ मिनिटं ०-० होतं, म्हणजे बरोबरीचे दोन पॉइंट माझ्या खिशात! १०० व्या मिनिटाला हंगेरीनं गोल मारला. मी आजोबांकडे धावले, ‘‘१०० वं मिनिट! हे कसं धरता?’’ त्यांनी बोट ठेवलं : इंज्युरी टाइमसह. मी मान खाली घालून परत.

दुसऱ्या मजल्यावरची ती चिमुरडी मूळ तुर्की घरातली. तिचे बाबा तुर्कस्तानच्या प्रत्येक मॅचला डोळे झाकून ‘तुर्कस्तान’ लिहायचे. त्यांना म्हटलं, हिशेबाचं काय? म्हणाले, ‘‘वर्षभर हिशेबच करतो. हे पाच युरो मनासाठी.’’ ते आणि मी, आम्ही एका जातीचे!

मग आली ५ जुलैची क्वार्टर फायनल. जर्मनी विरुद्ध स्पेन, आमच्याच गावात. मी खूप विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा डोक्यानं लिहिलं : स्पेन २-१. जिन्यात हाहाकार! २०१० च्या वर्ल्ड कपला ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं स्पेन जर्मनीला हरवणार असं ‘सांगितलं’ होतं आणि तसंच झालं होतं. तेव्हा त्याला तळून खायच्या धमक्या आल्या होत्या. आजोबा मला त्या दिवसापासून ‘फ्राऊ पॉल’ म्हणायला लागले. त्यांनी स्वतः काय लिहिलं होतं? १-१. ‘‘हरतील असं लिहवत नाही, जिंकतील असं वाटत नाही,’’ ते म्हणाले.

मॅच आम्ही मागच्या अंगणात पडद्यावर बघितली. स्पेनचा गोल झाला, आणि ८९ व्या मिनिटाला व्हिर्ट्झनं बरोबरी केली. आजोबांनी मला मिठी मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! एक्स्ट्रा टाइममध्ये मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली नाही, अंगण पेटलं. आणि ११९ व्या मिनिटाला मेरिनोनं हेडर मारला. स्पेन २, जर्मनी १. सगळीकडे सन्नाटा.

माझं भाकीत मात्र बरोब्बर! चार पॉइंट! मी आनंद दाबत तक्त्याकडे पाहिलं... आणि आठवलं. ९० मिनिटांनंतर स्कोअर होता १-१. मला भोपळा. आजोबांना चार.

डोळ्यांत पाणी असलेला तो म्हातारा उठला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावापुढे शून्य लिहिलं. ‘‘तुमचं भाकीत बरोबर होतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण नियम आधी ठरला होता.’’ हेच त्यांनी घरमालकाच्या पत्राबद्दलही म्हटलं असतं. तिथे या काटेकोरपणानं माझे २५० युरो वाचवले होते. आता माझे चार पॉइंट गेले तर तक्रार कशी करणार?

फायनलनंतर बक्षीस समारंभ झाला. पहिली आली ती नऊ वर्षांची चिमुरडी. ४० युरो घेऊन तिनं सही केली. ऑक्टोबरच्या शेवटी इथे ‘बचत दिन’ असतो, तेव्हा मुलं आपला गल्ला घेऊन बँकेत जातात. तिनंही ते ४० युरो तिथे नेऊन भरले. आजोबांना तेव्हा झालेला आनंद व्हीएफबीच्या दुसऱ्या नंबरपेक्षा काकणभर जास्तच असावा. बक्षीसवाटप संपलं, हिशेबाच्या कागदावर रेघ ओढली गेली, आणि आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, आता आपण एकमेकांना ‘डू’ म्हणू या. दोन वर्षं आम्ही ‘आपण’वर होतो. हिशेब मिटला, तेव्हा ‘तू’वर आलो.

ऋणानुबंध

त्या रात्री मी पुण्याला बाबांना फोन केला. आमच्या घरात एक विषय कधी निघत नाही. २०११ मध्ये बाबांनी त्यांच्या चुलतभावाला ६० हजार रुपये दिले होते. काकांच्या दुकानाची अडचण होती. ना कागद, ना तारीख, घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं? पैसे परत आले नाहीत. बाबांनी मागितले नाहीत, काकांनी विषय काढला नाही. आधी दिवाळीचा फराळ थांबला, मग फोन. माझ्या लग्नाला काका आले नाहीत. ६० हजारांचं बाबांना फार दुःख नाही. ते भावाला मुकले, याचं आहे.

आपल्याकडे माणूस जन्मालाच ऋण घेऊन येतो म्हणतात, देवांचं, पितरांचं, ऋषींचं. नात्याला आपण शब्दही काय छान दिलाय : ऋणानुबंध! देणंघेणं चालू आहे तोवर नातं चालू. जर्मन माणूस म्हणतो, देणं मिटलं की नातं मोकळं. वाटी रिकामी परत देऊ नये हे मला अजूनही पटतं. मैत्रिणीचे ५०० युरो मी चार महिन्यांत परत केले, तेव्हा ती ‘‘एवढी काय घाई होती?’’ म्हणून रुसलीच. पण वाटी साखरेची असते, तोवर ठीक. साठ हजारांची झाली की आजोबांची पट्टी-पेन्सिल लागते.

मी बाबांना सगळं सांगितलं. पाकीट, पत्र, स्पेनचा गोल, शून्य. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तेव्हा एक कागद केला असता, महिन्याला हजार असं लिहिलं असतं, तर त्यालाही तोंड दाखवायला जागा राहिली असती.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?’’

मी पाठवला. पुढे काय झालं, ते त्या दोघांचं. मी भाकीत करणं सोडलंय... निदान एक्स्ट्रा टाइमचं तरी!

जर्मनीला जाणार असाल तर...

* खिशात थोडी रोकड ठेवाच. छोट्या बेकरीत, बाजारात कार्ड चालेलच असं नाही.
* बिल देताना टीपसह एकूण आकडा सांगा. नुसती नोट पुढे करून ‘‘डांके’’ म्हटलंत, तर सुटे ठेवून घे असा अर्थ निघू शकतो!
* रिकामी बाटली फेकू नका. २५ सेंट तुमचे, नाहीतर डब्याशेजारी ठेवा, दुसऱ्याचे.
* घर भाड्यानं घेताना डिपॉझिट मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं. वार्षिक हिशेबाचा कागद आला की ओळ न् ओळ तपासा.
* पगार विचारू नका. फुटबॉलचं भाकीत विचारा. माणूस कसा आहे ते लवकर कळतं.
* आणि ऑफिसातल्या टिपश्पीलमध्ये नाव घालण्याआधी एकच प्रश्न : ९० मिनिटं की १२०?